एफजीएफ-२ ची पहिली व्हायल हाताळताना

‘ताई, व्हायल रिकामीच आलीय बहुतेक.’

जुलै-ऑगस्टमध्ये नवे जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, रुजू होतात आणि दरवर्षी त्यांच्यातलं कोणीतरी थर्माकोलच्या खोक्यासमोर उभं राहून मला हे सांगतंच. व्हायल, म्हणजे ती छोटी बाटली, रिकामी नसते. तिच्यात ५० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. साखरेचा एक दाणा याच्या दहापट तरी भरेल. उजेडात तिरकी धरली तर तळाशी काचेवर फुंकर मारल्यासारखा पांढुरका थर दिसतो, कधी तोही दिसत नाही. तेवढ्या थरावर तुमच्या पेशींचे पुढचे दोन-तीन महिने अवलंबून असतात. पेशींशी संबंधित बहुतेक बिघाड मी खोकं उघडल्यापासून फ्लास्कमध्ये थेंब पडेपर्यंतच्या वाटेवरच झालेले पाहिले आहेत, म्हणून ही वाट सविस्तर लिहिते आहे. उदाहरण घेतलंय ते बीएफजीएफचं, म्हणजेच एफजीएफ-२ चं, कारण नवख्यांच्या हातात बहुधा हाच ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन) आधी येतो आणि नाजूकपणात तो बऱ्याच जणांना मागे टाकतो.

आधी नावांचा घोळ सोडवू

बीएफजीएफ, एफजीएफ-बेसिक, एफजीएफ-२ ही एकाच प्रथिनाची नावं आहेत. १९७४ साली डेनिस गोस्पोदारोविच यांनी गाईच्या पिट्युटरी ग्रंथीतून ते वेगळं केलं. फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतल्या, पेशींना वाढवणारं म्हणून ते फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर झालं. ‘बेसिक’ याचा अर्थ ‘प्राथमिक’ असा नाही, तर ‘आम्लारीधर्मी’ असा आहे. या रेणूवर धन प्रभार भरपूर असतो, त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण प्रभार शून्य होतो तो) ९.६ च्या आसपास आहे. एफजीएफ-१ म्हणजे अ‍ॅसिडिक एफजीएफ, ते वेगळं प्रथिन. ऑर्डर देताना ही गल्लत झालेली मी पाहिली आहे, आणि आयात मालाची ऑर्डर चुकली की किती आठवडे जातात ते लॅबमध्ये काम करणाऱ्याला सांगायला नको.

‘रिकॉम्बिनंट ह्यूमन’ म्हणजे माणसाचं जनुक दुसऱ्या जिवात घालून त्याच्याकडून बनवून घेतलेलं प्रथिन. मधुमेहींचं ह्यूमन इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात आलं ते याच मार्गाने. बीएफजीएफ बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूत बनवतात. नवे लोक इथे शंका काढतात की जिवाणू प्रथिनावर साखरेच्या साखळ्या लावत नाही, मग हे माणसाच्या प्रथिनासारखं कसं? शंका रास्त आहे आणि पुष्कळ ग्रोथ फॅक्टरच्या बाबतीत ती खरीही ठरते. बीएफजीएफला मात्र पेशीबाहेर जाण्यासाठी लागणारा नेहमीचा सिग्नल पेप्टाइडच नाही. ज्या मार्गावर साखळ्या जोडल्या जातात त्या मार्गाने ते जातच नाही, पेशीच्या पडद्यातून थेट बाहेर पडतं. त्यामुळे त्याच्यासाठी ई. कोलाय चांगला चालतो.

एक गोष्ट मात्र ई. कोलायबरोबर येते, ती म्हणजे एंडोटॉक्सिन, जिवाणूच्या भिंतीतला विषारी घटक. तुमचं काम मॅक्रोफेज किंवा मोनोसाइट या रोगप्रतिकारक पेशींवर असेल तर एंडोटॉक्सिनचा आकडा वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. नाहीतर ग्रोथ फॅक्टरचा परिणाम म्हणून जे मोजाल, ते जिवाणूच्या भिंतीचं काम निघेल.

ऑर्डर देताना

डेटाशीटवर तीन-चार गोष्टी बघायच्या. लांबी: पूर्ण रूप १५४ अमिनो आम्लांचं, पण १४६ किंवा १४७ चंही मिळतं. दोन्ही काम करतात, फक्त प्रयोगाच्या मध्येच एकावरून दुसऱ्यावर जाऊ नका. टॅग: शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडिनची शेपटी, म्हणजे हिस्टिडिन टॅग, आहे का. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन): बाटलीत आधीच घातलेलं आहे की ‘कॅरियर-फ्री’ आहे. रोजच्या कल्चरला, म्हणजे पेशी वाढवायला, बीएसए असलेलं सोयीचं पडतं. प्रथिन एखाद्या पृष्ठभागावर बसवायचं असेल किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीला द्यायचं असेल, तर कॅरियर-फ्रीच हवं.

मग येतो ईडी-५० चा आकडा. ३टी३ सारख्या फायब्रोब्लास्ट पेशींची वाढ मोजून तो काढतात. कमाल परिणामाच्या निम्मा परिणाम ज्या प्रमाणाला मिळतो तो ईडी-५०. बऱ्याच शीटवर त्याच्याच शेजारी ‘युनिट प्रति मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं आणि लोक त्याला काही निराळी माहिती समजतात. तोच आकडा उलटा करून लिहिलेला असतो: १० लाख भागिले ईडी-५०, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. ईडी-५० ०.५ असेल तर २० लाख युनिट. एका कंपनीचा २० लाख आणि दुसरीचा ५० लाख बघून दुसरी सरस ठरवू नका. पेशी निराळ्या, तपासणी निराळी, आकड्यांची सरळ तुलना होत नाही. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये (उत्पादनाच्या खेपांमध्ये) तुलना करायला मात्र तो उपयोगी पडतो.

लेबलवर ‘फॉर रिसर्च यूज ओन्ली’ असतं. त्याचा अर्थ शब्दशः घ्या. ही बाटली प्रयोगशाळेसाठी आहे. ती कोणाच्या जखमेला, चेहऱ्याला, केसांच्या मुळांना लावायची नाही, टोचायची तर नाहीच. बीएफजीएफ पेशी वाढवतो, रक्तवाहिन्या वाढवतो. गाठींमध्ये तो काय करतो हेच शोधायला कित्येक लॅब झटत आहेत. मैत्रिणीने ‘थोडंसं दे ना, क्रीममध्ये घालून बघते’ म्हटलं तरी नाही म्हणा.

पार्सल आल्यावर

शुक्रवारी पाठवलेला माल शनिवारी संध्याकाळी सिक्युरिटीच्या टेबलावर येऊन पडतो आणि सोमवारपर्यंत तिथेच राहतो. म्हणून माल सोमवारी किंवा मंगळवारी पाठवायला सांगा. वाळवलेल्या भुकटीला एक-दोन दिवस साधं तापमान सहन होतं, पण एप्रिल-मेमध्ये त्या भरवशावर राहू नये.

खोकं उघडल्यावर लॉट नंबर वहीत लिहा आणि त्याच लॉटचं सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस उतरवून ठेवा. व्हायल लगेच वापरायची नसेल तर उणे २० मध्ये ठेवा. फ्रीजर घरच्यासारखा ‘फ्रॉस्ट-फ्री’ नको. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून आतला भाग गरम करतो, आणि त्या चढउतारात प्रथिनाची वाट लागते. दारातल्या कप्प्यातही ठेवू नका, मागे भिंतीजवळ ठेवा. देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवायची पद्धत पुण्याला जुनी आहे. तेव्हा तुमचा फ्रीजर जनरेटरवर आहे की नाही हे व्हायल ठेवण्याआधी विचारून घ्या.

विरघळवण्याआधी कागद-पेन

हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) बसण्याआधी हिशोब कागदावर पूर्ण झालेला हवा. मी नव्या मुलांना मोबाइलवर नाही, वहीतच करायला लावते, कारण दहाच्या पटीतली चूक कागदावर नजरेला खुपते.

समजा ५० मायक्रोग्रॅमची व्हायल आहे आणि माहितीपत्रकानुसार १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढं दाट द्रावण करायचंय. मग ५०० मायक्रोलिटर घालायचे. आता दर मायक्रोलिटरमध्ये १०० नॅनोग्रॅम आहे. हे एकच वाक्य डोक्यात पक्कं बसवा, पुढचं सगळं त्यावरून निघतं.

न्यूरल स्टेम पेशींच्या (मेंदूतल्या मूळ पेशींच्या) मीडियात, म्हणजे पेशी वाढतात त्या पोषक द्रवात, साधारण २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर घालतात. ५० मिलिलिटर मीडियाला १००० नॅनोग्रॅम, म्हणजे १० मायक्रोलिटर. एका व्हायलमध्ये असा अडीच लिटर मीडिया होईल. मानवी आयपीएस पेशींसाठी (प्रौढ पेशींपासून बनवलेल्या, कोणतीही पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशींसाठी) जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये मांडलेल्या ई-८ मीडियात हेच प्रमाण १०० नॅनोग्रॅम असतं. तेव्हा ५० मिलिलिटरला ५० मायक्रोलिटर लागतात आणि तीच व्हायल अर्ध्या लिटरमध्ये संपते. बजेट मागताना हा फरक सरांना आकड्यांनिशी दाखवा.

माहितीपत्रकात जो द्रव सांगितला असेल तोच घ्या. बीएफजीएफसाठी बहुधा सौम्य ट्रिस बफर किंवा पीबीएस सांगतात, सोबत ०.१ टक्का बीएसए. बीएसए कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. धन प्रभाराचं हे प्रथिन काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटतं. द्रावण पातळ असेल तर त्यातला मोठा हिस्सा ट्यूबच्या भिंतीवरच राहतो. ०.१ टक्का म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए, तुमच्या बीएफजीएफच्या दहापट. भिंतीवरच्या जागा आधी तेच अडवतं आणि महागाचं प्रथिन द्रावणात राहतं.

आता व्हायल

बंद व्हायल फ्रीजरमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. थंडगार असताना उघडली तर हवेतली वाफ आत जमते. मग मायक्रोसेंट्रिफ्यूजमध्ये वीस-तीस सेकंद फिरवा. ही पायरी कधीही गाळू नका. वाहतुकीत भुकटी झाकणाला जाऊन चिकटलेली असते. न फिरवता झाकण उघडलं तर तीच उडते किंवा हातमोज्याला लागते, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

हूडमध्ये झाकण उघडा. पिपेटची टिप भिंतीला टेकवून ५०० मायक्रोलिटर हळूहळू सोडा, तळातल्या थरावर धार मारू नका. झाकण लावून व्हायल तळहातात आडवी धरून सावकाश फिरवा, म्हणजे द्रव सगळ्या बाजूंना लागेल. मग पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. व्होर्टेक्सवर (जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरायची नाही. फेस आला की समजा हवेच्या कडेवर प्रथिनाच्या घड्या उलगडायला लागल्या, आणि त्या घड्यांशिवाय त्याला किंमत नाही. टिपने जोरात वर-खालीही करू नका. द्रव पाण्यासारखा स्वच्छ दिसायला हवा. दोरे किंवा ढगाळपणा दिसला तर पुढे जाऊ नका, फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

आणि हे द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळू नका. मिळालेलं प्रथिन निर्जंतुक असेल आणि तुमचा बफर आधीच गाळलेला असेल तर त्याची गरज नसते. एवढंसं द्रावण गाळलं तर बराचसा बीएफजीएफ पडद्यावर अडकून राहतो. मीडिया गाळायचा असेल तर आधी गाळा, मग बीएफजीएफ घाला.

अलिकॉट, आणि माझी अकरा वेळांची ट्यूब

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतल्या पेशी फक्त बीएफजीएफवर वाढवत होते. अलिकॉट करायचा, म्हणजे द्रावण छोट्या-छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवायचा, कंटाळा केला. ५०० मायक्रोलिटरची एकच ट्यूब उणे २० मधून काढायची, वितळवायची, लागेल तेवढं घ्यायचं, परत ठेवायचं. पहिल्या आठवड्यात न्यूरोस्फिअर, म्हणजे या पेशींचे गोळे, सुरेख होते, गोल, कडेला चमक असलेले, फ्लास्क हलवला की तरंगत जाणारे. तिसऱ्या आठवड्यात ते लहान राहायला लागले, मधे काळे पडले आणि काही तळाला चिकटून पाय पसरायला लागले. मी पेशींना दोष दिला, बी-२७ या पूरक द्रावणाचा लॉट बदलला, इनक्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड दोनदा तपासला. शेवटी एका सीनियर दादाने शांतपणे विचारलं, ‘ही ट्यूब कितीदा वितळवलीस?’ वही काढून मोजलं तर अकरा वेळा. नव्या व्हायलचा अलिकॉट घातला आणि चौथ्या दिवशी कडेची चमक परत आली. मधला महिना वाया गेला तो गेलाच.

म्हणून द्रावण तयार झालं की त्याच बैठकीत वाटून टाका. एका वेळच्या मीडियाला जेवढं लागतं तेवढंच एका ट्यूबमध्ये. कमी चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या ट्यूब मिळाल्या तर उत्तम. १० मायक्रोलिटरपेक्षा लहान अलिकॉट करू नका, त्यात भिंतीला लागणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण वाढतं. प्रत्येक ट्यूबवर नाव, दाटपणा, लॉट, तारीख आणि तुमची आद्याक्षरं लिहा, अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या पेनाने. नुसतं ‘एफजीएफ’ लिहिलेल्या ट्यूब दोन वर्षांनी कोणाच्याच कामाच्या नसतात. उणे ८० असेल तर तिथे ठेवा. एकदा वितळवलेला अलिकॉट परत गोठवायचा नाही. उरला तर ४ अंशांवर ठेवून माहितीपत्रकात दिलेल्या दिवसांत संपवा.

३७ अंशांचं दुखणं

बीएफजीएफचं सर्वांत मोठं दुखणं फ्रीजरमध्ये नाही, इनक्युबेटरमध्ये आहे. मीडियात ३७ अंशांवर त्याची ताकद साधारण दहा तासांत निम्म्यावर येते. पेशींना जगायला तेच तापमान लागतं आणि हे प्रथिन तिथेच ढासळतं. म्हणून मानवी आयपीएस पेशींचा मीडिया रोज बदलावा लागतो, रविवारीही.

मग जे टाळता येतं ते तरी टाळू. बीएफजीएफ घातलेली मीडियाची अख्खी बाटली रोज वॉटर बाथमध्ये ठेवायची सवय मोडा. लागेल तेवढा मीडिया वेगळ्या ट्यूबमध्ये काढा आणि हूडमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एवढं पुरतं. बाटली ४ अंशांवरच राहू दे. बीएफजीएफ घातलेला मीडिया एका आठवड्यात संपेल एवढाच बनवा.

हेपारिनचा, म्हणजे ऋण प्रभाराच्या लांब शर्करा-साखळीचा, आधार घेता येतो. १९८४ मध्ये बॉस्टनला ज्युडा फोकमन, मायकेल क्लॅग्सब्रन आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्या वाढवणारा गाठीतला घटक हेपारिनच्या कॉलमवर पकडून शुद्ध केला. तो घटक बीएफजीएफच होता हे पुढे स्पष्ट झालं. शरीरातही पेशीच्या पृष्ठभागावरचं हेपरान सल्फेट त्याला धरून ठेवतं आणि रिसेप्टरवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) बसायला मदत करतं. न्यूरोस्फिअरच्या मीडियात २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हेपारिन घालतात ते यासाठीच. पण आयपीएसचा ठरलेला मीडिया वापरत असाल तर मनाने हेपारिन घालू नका, आधी एका प्लेटवर बघा.

तापमानाला टिकणारे बदललेले बीएफजीएफही आता मिळतात. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नऊ अमिनो आम्लं बदलून असं रूप केलं, त्याची ताकद ३७ अंशांवर वीस दिवसांहून जास्त टिकते. रविवारची सुट्टी हवी असेल तर हा पर्याय खरोखर विचारात घ्या. पण त्यावर वाढणाऱ्या पेशींना मिळणारा संदेश अखंड असतो, रोज चढणारा-उतरणारा नसतो. म्हणून जुन्या डोसचे आकडे तसेच उचलू नका.

पेशींवर पहिला प्रयोग

दुसऱ्याच्या पेपरमधला डोस घेऊन थेट मोठा प्रयोग लावू नका. आधी एका प्लेटवर ०, ०.३, १, ३, १०, ३० आणि १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी चढण लावा. इथे पुन्हा हिशोब आडवा येतो. २ मिलिलिटरच्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं तर २ नॅनोग्रॅम लागतील, म्हणजे दाट द्रावणाचे ०.०२ मायक्रोलिटर. असा थेंब कोणतीच पिपेट घेऊ शकत नाही. मधला टप्पा करा: १० मायक्रोलिटर दाट द्रावण, ९९० मायक्रोलिटर बीएसए घातलेला मीडिया. आता मायक्रोलिटरमध्ये १ नॅनोग्रॅम आहे, २ मायक्रोलिटर घ्या. हा मधला टप्पा त्या दिवसापुरताच, तो साठवायचा नाही.

सीरममध्ये स्वतःचेच ग्रोथ फॅक्टर असतात. १० टक्के एफबीएसमधल्या (गाईच्या गर्भाच्या सीरममधल्या) पेशींवर बीएफजीएफ घालून फरक दिसला नाही तर आश्चर्य नाही. फायब्रोब्लास्टवर परिणाम पाहायचा असेल तर आदल्या रात्री सीरम ०.५ टक्क्यापर्यंत उतरवा. शून्याच्या वेलमध्ये नुसता मीडिया नको, तेवढंच बीएसए-बफर घाला. आणखी एक वेल ठेवा ज्यात बीएफजीएफबरोबर पीडी१७३०७४ सारखा एफजीएफ रिसेप्टरचा अवरोधक असेल. परिणाम तिथे नाहीसा झाला तरच तो खरोखर या रिसेप्टरमधून आला असं म्हणता येईल. घाई असेल तर वाढ मोजायला तीन दिवस थांबू नका. दहा मिनिटांनी पेशी लाइज करून (फोडून) फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे संदेश आत पोचल्याची खूण असलेल्या प्रथिनाचा, वेस्टर्न (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) लावा. ताकद शाबूत असलेलं बीएफजीएफ तिथे ठळक पट्टी देतं.

आणि उंदराच्या ईएस पेशींना (भ्रूणातल्या मूळ पेशींना) मानवी ईएस पेशींचा नियम लावू नका. त्यांना कोणतीही पेशी होण्याची क्षमता टिकवायला एलआयएफ हा दुसरा संदेशवाहक घटक लागतो. त्यांच्यात एफजीएफचा संदेश उलट वेगळ्या पेशी बनण्याकडे ढकलतो.

पेशी बिघडल्या तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. सर्वांत आधी नवा, कधीही न वितळलेला अलिकॉट काढून ताजा मीडिया करा. फरक पडला नाही तर वहीतला हिशोब दुसऱ्या कोणाला तरी पहिल्यापासून करायला सांगा, तुमचा आकडा न दाखवता. मग लॉट बघा: नवा लॉट कधी सुरू झाला आणि पेशी कधी बिघडल्या, या दोन तारखा शेजारी ठेवा. म्हणूनच जुना लॉट संपत आला की त्याचे दोन अलिकॉट बाजूला काढून ठेवते, नव्या लॉटशी शेजारी-शेजारी लावून बघायला. त्या दोन ट्यूबवर लाल टेप लावलेली असते आणि लॅबमधलं कोणीही त्यांना हात लावत नाही.